विहिरीच्या काठावरची डावी चप्पल

खुशालरावांना विहिरीतल्या आसरा, म्हणजे पाण्यातल्या भुतं-देवता, लागल्या, ही बातमी यंदाच्या मे महिन्यात एका रविवारी दुपारी साडेबाराच्या सुमारास देवरावच्या पानठेल्यावर जन्माला आली. चार वाजेपर्यंत ती भातकुलीला पोचली आणि दिवस मावळायच्या आत अमरावतीच्या बसमध्ये चढली. बातमी अशी, की सदुसष्ट वर्षांचे खुशालराव भर दुपारी धोतर-सदऱ्यानिशी स्वतःच्या विहिरीत शिरले, पाण्यात डोकं घालून "कोणाचा हायेस रे" असं कोणाला तरी विचारत राहिले, काढायला गेलेल्या माणसांना त्यांनी ओरबाडलं, आणि शेवटी बायकोनं पायाला काहीतरी बांधलं तेव्हा कुठं शांत झाले. भातकुलीत या बातमीला एक काळी कोंबडी चिकटली. बसमध्ये चढताना कोंबडीचं बोकड झालं होतं.

यातलं धोतर, सदरा, विहीर आणि दुपार एवढं खरं. बोकड नव्हतं, कोंबडी नव्हती, आसरा तर नव्हत्याच. बायकोनं पायाला काही बांधलं नाही, पायात घातलं. शेजारच्या मिशनच्या फादरांच्या हातावर नखाची एक लांब रेघ उठली होती हे कबूल. पण ती पाण्यात ओढणाऱ्याची नव्हे, पाण्यातून बाहेर यायला तयार नसलेल्या माणसाची. घडलं ते आसरांपेक्षा वाईट होतं. आणि ते समजायचं तर आधी खुशालराव समजायला पाहिजेत.

खुशालराव म्हणजे गावातलं सगळ्यांत भित्रं माणूस. ही निंदा नव्हे. घराचा पत्ता सांगावा तशी ओळख आहे. खाटेवर बसायच्या आधी ते काठीनं खाटेखालची जागा झाडून घेतात. बादलीला दोन दोर बांधतात, एक तुटला तर दुसरा असावा म्हणून. अमरावतीला गेले आणि राजकमल चौकात रस्ता ओलांडायची पाळी आली, की एखादी म्हातारी शोधतात आणि तिच्या आडोशानं पलीकडे जातात. म्हातारीला वाटतं, भला माणूस, आपल्याला पार करून देतोय. ती पलीकडे पोचल्यावर आशीर्वादही देते. स्वतःच्या लग्नात ट्रॅक्टरवाला एका हातानं बिडी पेटवतोय हे पाहून नवरदेव ट्रॉलीतून उतरले आणि शेवटचे दीड-दोन किलोमीटर पायी चालले. वऱ्हाड पुढं पोचलं, बँडवाल्यांचं वाजवून झालं, आणि मग बाशिंग हातात धरून नवरदेव आला. जमुनाबाई ही गोष्ट अजून सांगतात, आणि खुशालराव अजून म्हणतात, "पोचलो ना पण."

अशा माणसाच्या नावावर गावातली सगळ्यांत मोठी विहीर असावी, यात देवाची थोडी गंमत आहेच. आमचा भाग खारपाणपट्ट्यातला. जमिनीखालचं पाणी खारट. पिकाला दिलं तर पीक मरतं, प्यायलं तर पोट धरतं. त्यामुळं खुशालरावांच्या आजानं हौसेनं खोदलेल्या, पायऱ्या बांधलेल्या त्या रुंद विहिरीतलं पाणी कोणी उपसतच नाही. बाकी वऱ्हाडात मे महिन्यात विहिरींचे तळ दिसतात, तेव्हाही या विहिरीत दोन परस, म्हणजे दोन माणसांच्या उंचीइतकं, पाणी हिरवंगार उभं असतं. कामाचं काही नाही, बुडायला पुरेसं.

विहिरीला लागून मिशनचं आवार. एके काळी तिथं बोर्डिंगची शाळा होती, ती बंद पडली. लांब बराक, छोटं चर्च आणि निंबाची झाडं तेवढी उरली. अठ्ठावीस वर्षांपूर्वी तिथं मोठे फादर आले. केरळाकडचे, उंच, आणि मराठी अशी बोलायचे की शब्द ओळखीचा वाटून पुढं निघून जायचा. अकोला, अमरावती, बडनेरा, परतवाडा इकडच्या ख्रिस्ती घरांतली पोरं सुट्टीत नुसती उन्हात भटकतात, त्यांना दहा दिवस एकत्र आणावं, सकाळी चर्चमध्ये मिस्सा, मग धर्मशिक्षण, गाणी, नाटक, संध्याकाळी जपमाळ, असं त्यांच्या मनात आलं. पहिल्या वर्षी एकोणीस पोरं आली. गावात लगेच कुजबुज झाली, की फादर पोरांना बाटवणार. पोरं घरूनच ख्रिस्ती होऊन आली होती, त्यांना आणखी काय बाटवायचं, हे विचारायला कोणी गेलं नाही.

त्रेचाळीस-चव्वेचाळीसचं ऊन, बराकीवर टिनाचं छप्पर. दुसऱ्याच दिवशी दोन पोरं ओकली. मोठे फादर पाण्याच्या मुलखातले. त्यांनी कुंपणापलीकडची विहीर पाहिली आणि खुशालरावांच्या दारात येऊन उभे राहिले. पोरांना रोज तासभर पाण्यात सोडू द्या, म्हणाले. खुशालरावांनी नको म्हणायला तोंड उघडलं, तोवर गावातली तीन तगडी पोरं पुढं झाली. "आमी पाहतो ना फादर. आमी वरून सूर मारतो, तळातली माती आणून दाखवतो."

मोठ्या फादरांनी तिघांकडं पाहिलं. मग विचारलं, "या गावात पाण्याला सगळ्यांत जास्त भिणारा कोण?"

तिघांनी मिळून खुशालरावांकडं बोट केलं.

"मग पोरं यांच्या हवाली," फादर म्हणाले. "ज्याला भीती नाही तो पोहत बसेल. यांना भीती आहे, हे बघत बसतील."

खुशालराव त्या रात्री जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी काठावरच्या दगडावर बसले आणि फादर डोकी मोजू लागले. एकोणीस पोरं पाण्यात. एक बुडी मारतंय, दुसरं वर येतंय, तिसरं पायरीआड लपलंय. फादरांची मोजणी एकदा सतरा झाली, एकदा एकवीस. सतरा ऐकून खुशालराव दगडावरून ताडकन उठले. आणि त्या भीतीतूनच त्यांना ती युक्ती सुचली, जी पुढं अठ्ठावीस वर्षं चालली.

"डोके मोजू नोका फादर," ते म्हणाले. "डोके पाण्याखाली जातात. चपला ठेवा."

नियम असा ठरला. पाण्यात उतरणाऱ्यानं उजवी चप्पल निंबाखाली ठेवायची आणि डावी विहिरीच्या कठड्यावर, रांगेत. बाहेर आलं की पहिल्यांदा डावी उचलायची, खुशालरावांना दाखवायची, पायात घालायची, मगच बाकीचं. कठड्यावर चप्पल आहे तोवर तिचा मालक पाण्यात आहे असं समजायचं. पोरगं चप्पल विसरून निघून गेलं तर? नाही जाऊ शकत. मे महिन्यात आमच्या काळ्या भुईवर अनवाणी दहा पावलं टाकून पाहा. आणि खुशालराव चपलाही मोजत नाहीत. त्यांचं म्हणणं, आकड्यात माणूस चुकतो. रिकामं ते रिकामं. शेवटी रांग रिकामी झाली पाहिजे, बस.

शिबीर वाढत गेलं. एकोणीसची चाळीस झाली, चाळीसची साठ. मुलींची पाळी सकाळी लवकर सुरू झाली आणि तिच्यावर जमुनाबाई बसू लागल्या. मुलांची पाळी दहा ते अकरा, ती खुशालरावांची. एका वर्षी वावटळीनं मंडप उडाला आणि भातकुलीच्या रस्त्यावर सापडला. करोनात दोन वर्षं शिबीर भरलंच नाही. मोठे फादर म्हातारे होऊन आपल्या मुलखाला परत गेले. चार वर्षांपूर्वी फादर शेखर आले. हे मूळचे अकोल्याचे, अकरा वर्षांचे असताना याच शिबिरात, याच विहिरीत पाठीला वाळका भोपळा बांधून पोहायला शिकलेले. पण रीती सगळ्या जुन्याच राहिल्या. शेवटच्या दिवशी रोडगे आणि वांग्याची भाजी. पहिल्या दिवशी राखणदूताच्या चिठ्ठ्या: डब्यातून प्रत्येकानं एका नावाची चिठ्ठी उचलायची आणि दहा दिवस त्या माणसाचं गुपचूप भलं करायचं, कोण कोणाचा राखणदूत हे शेवटच्या दिवशीच फोडायचं. कोणाची अंथरुणं आपोआप घातली जातात, कोणाच्या उशाखाली शेंगदाण्याची चिक्की सापडते. आणि विहिरीवर चपला.

पोरांना खुशालराव म्हणजे चप्पलवाले आबाजी. त्यांना हसू येतं त्यांचं. आबाजी पाळीभर कोणाशी बोलत नाहीत, पाणी पीत नाहीत, शिंक आली तर नाक दाबून धरतात. अकरा वाजता थाळी वाजवतात आणि मग ती शेवटची पाच मिनिटं. रांगेत दहा चपला उरतात, पाच उरतात, दोन उरतात. शिबिराचे दहा दिवस शेवटची चप्पल उचलली जाईपर्यंत ते घास घेत नाहीत, हे फक्त जमुनाबाईंना ठाऊक. "दुसऱ्याचे पोट्टे," ते म्हणतात. "आपलं असतं त आपुनच रडलो असतो. दुसऱ्याच्या मायले काय सांगाचं?"

अठ्ठावीस वर्षं रांग रोज रिकामी झाली.

तो रविवार भेटीचा होता. शिबिराच्या मधल्या रविवारी आईबाप भेटायला येतात, डबे आणतात, सोबत धाकटी भावंडं येतात आणि मिस्सा संपली की तीही विहिरीकडं धावतात. खुशालरावांना हा रविवार मुळीच आवडत नाही. नेहमीची पोरं तोंडानं ओळखीची असतात. या दिवशी अर्धे चेहरे नवे. दहा वाजता एकच झुंबड आली, कठड्यावर चपला पडल्या, धडाधड उड्या पडल्या. खुशालरावांनी दगड धरला आणि डोळे पाण्यावर लावले.

अकरा वाजता थाळी वाजली. एकेक जण वर येऊ लागला. चप्पल उचलली, दाखवली, घातली.

"आबाजी, हे पाहा."

"जा."

"आबाजी, माह्यी ही."

"जा. पळू नोको, घसरशीन."

गटाचा म्होरक्या नितेश, बडनेऱ्याचा, सतरा वर्षांचा, नेहमीप्रमाणे शेवटी निघाला. त्यानं आपली चप्पल उचलली, दाखवली आणि केस झटकत निंबाकडं निघाला.

रांगेच्या टोकाला एक चप्पल उरली होती. काळी, निळ्या पट्ट्याची, नवी.

खुशालराव तिच्याकडं पाहत राहिले. मग पाण्याकडं. पाणी स्थिरावत होतं. कडेला पांढरा फेस हळूहळू जमत होता. पायरीवर कोणी नव्हतं. कपारीत कोणी नव्हतं.

"नितेश," ते म्हणाले. आवाज इतका बारीक निघाला की नितेशला ऐकूच गेलं नाही. पुन्हा हाक मारली, तेव्हा तो वळला. "ही कोणाची हाय?"

"असंन कोणाची आबाजी. गेला असंन मुताले."

"अनवाणी?"

नितेशनं पायाखालच्या भुईकडं पाहिलं आणि त्याचं हसणं थांबलं. त्यानं शिट्टी मारली. निंबाखाली केस पुसत असलेली पोरं परत आली. फादर शेखर पालकांना सोडून आले.

"कोण नाई रे?" नितेशनं विचारलं. नसलेला कुठून बोलणार. कोणीतरी मागून खुसकन हसलं आणि फादरांनी पाहिल्यावर त्यानं तोंडावर हात धरला.

फादरांकडं वही होती, पण वहीत शिबिराची नावं. नावं सगळी जुळली. पाहुणी पोरं किती उतरली होती ते वहीत नव्हतं. काही आईबापांसोबत जेवायला बराकीत गेली होती, काही गाडीत बसली होती.

"आबाजी, सगळे दिसतात," फादर म्हणाले. "एखाद्यानं दुसऱ्याची घातली असेल."

"मंग थो दुसरा अनवाणी असता, फादर," खुशालराव म्हणाले. "पाय पाहा सगळ्यांचे."

पाय पाहिले. जेवायला गेलेल्यांना बोलावून पाहिले, गाडीतल्यांचे पाहिले. प्रत्येकाच्या दोन्ही पायांत चपला होत्या, आपापल्या. उभ्या असलेल्या कोणाचीच ती चप्पल नव्हती. म्हणजे ज्याची होती तो उभा नव्हता. हे गणित कोणी मोठ्यानं केलं नाही, पण एकेका तोंडावरून ते होताना दिसत होतं. एका बाईनं आपल्या पोराचा दंड धरला आणि सोडेचना.

तेवढ्यात कुंदन नावाचं दहा वर्षांचं पोर निंबाखालून ओरडलं, "इथं उजवी हाय."

होती. काळी, निळ्या पट्ट्याची, नवी. निंबाच्या बुंध्याशी नीट ठेवलेली. जोडी पुरी होती. माणूस तेवढा नव्हता.

पाण्याच्या मधोमध एक बुडबुडा आला आणि फुटला. विहिरीत बुडबुडे येतच असतात. पण त्या क्षणी पुढचा बुडबुडा येतो की नाही याकडं सगळं आवार श्वास धरून पाहत राहिलं, आणि तो आला नाही.

पोहता येत असूनही आयुष्यात खुशालराव विहिरीत उतरले ते पायऱ्यांनी, भिंतीला हात लावून, आधी पायाच्या बोटानं पाणी चाचपून. त्या दिवशी ते कठड्यावर कधी चढले कोणी पाहिलं नाही. धप्पकन आवाज झाला तेव्हा पोरांना वाटलं, दगड पडला.

खाऱ्या पाण्यात डोळे उघडले की मिरची घातल्यासारखी आग होते. उघडून काही दिसतही नाही. हिरवं, मग काळं. खुशालरावांनी हातांनी पाहायला सुरुवात केली. गाळ. दगड. कोणा जमान्यातला तांब्या. छाती फुटायला आली तेव्हा वर आले, "कोणाचा हायेस रे" म्हणाले, आणि परत गेले. नाव माहीत नव्हतं ना. हाक मारायची तर कोणत्या नावानं?

दुसऱ्या बुडीत मुळ्या लागल्या, त्यांना ती बोटं वाटली. तिसऱ्या बुडीत हाताला कापड लागलं.

कापड जड होतं. गाळात रुतलेलं, ओढलं तर येत नव्हतं. खुशालरावांनी दोन्ही हातांनी धरलं आणि ओढलं, आणि ते सुटलं तेव्हा त्यांना वाटलं, आपलाच जीव सुटला. वर आले. डोळे गच्च मिटलेले. तोवर फादर शेखर आणि नितेश पाण्यात उतरले होते. खुशालरावांनी हातातलं त्यांच्याकडं ढकललं आणि तोंड भिंतीकडं फिरवलं.

"फादर, याच्यात पाहा. माह्याच्यानं पाहवत नाई. कोणी हाय का?"

कोणी नव्हतं. जुना दुपट्टा होता, मागच्या कोणत्या तरी वर्षीचा, चिखलानं भरलेला.

"दुपट्टा आहे आबाजी. नुसता दुपट्टा."

"मंग खालीच हाय," खुशालराव म्हणाले, आणि परत गेले. फादरांनी दंड धरला, तो हिसकून गेले. ती नखाची रेघ तेव्हाची.

आरडाओरडा स्वयंपाकाकडं पोचला. जमुनाबाई कणकेच्या हातानं धावत आल्या, त्यांच्यामागं मिशनच्या सिस्टर रागिणी, मागं पोळ्या लाटणाऱ्या मुली. बाया कठड्याला भिडल्या. कोणी जपमाळ काढली, कोणी नुसतंच येशूचं नाव घेत होतं, कोणी आपलं पोर दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा चाचपत होतं. सगळ्यांची तोंडं विहिरीत. एका पोरीचं तोंड तेवढं विहिरीत नव्हतं. परतवाड्याची करिश्मा, तेरा वर्षांची, कठड्यावरच्या चपलेकडं पाहत उभी होती, आणि तिचे दात वाजत होते. त्रेचाळीसच्या उन्हात.

जमुनाबाईंनी ते पाहिलं. चाळीस वर्षं भित्र्या माणसासोबत काढल्यावर भीतीतले प्रकार कळतात.

"काय वं माय," त्यांनी जवळ जाऊन हळूच विचारलं, "कोणाची हाय थे चप्पल? तुह्या भावाची हाय का?"

करिश्मानं मान हलवली.

"मंग?"

"आबाजीची."

"कोणत्या आबाजीची?"

पोरीनं विहिरीकडं बोट केलं आणि मग जे रडणं फुटलं त्यातून शब्द वेगळे करायला सिस्टर रागिणींना खाली बसावं लागलं. या वर्षी सिस्टरांनीच राखणदूताच्या डब्यात मोठ्यांच्याही चिठ्ठ्या टाकल्या होत्या: स्वयंपाकाच्या बायांच्या, जमुनाबाईंच्या, खुशालरावांच्या. करिश्माला खुशालराव निघाले. तिनं पाहिलं, आबाजींच्या चपलेला तार बांधलेली आहे. एका सकाळी त्यांचा ओला पाय दगडावर उमटला होता, तो तिनं निंबाच्या काडीनं मापला आणि काडी वडलांकडं पाठवली. वडलांनी त्या मापाची जोडी आज सकाळी आणली. मुलींची पाळी संपली, रांग रिकामी झाली, जमुनाबाई स्वयंपाकाकडं गेल्या. मग ती मागं येऊन डावी कठड्यावर आणि उजवी निंबाखाली ठेवून गेली होती, शिबिराच्या रीतीप्रमाणं. आणि नाव सांगायचं नसतं, म्हणून सांगितलं नव्हतं.

"अवं, पण तिथं काहून ठेवली?" जमुनाबाई म्हणाल्या. "त्याईच्या दगडापाशी ठेवायची ना."

"आबाजी दुसरीकडे पाहतच नाहीत," करिश्मा म्हणाली.

फादर शेखर पायरीवर मटकन बसले. नितेशनं पाण्यात तोंड बुडवून वर काढलं, म्हणजे ते ओलं कशानं झालं हे कोणाला कळू नये. वर बाया एकमेकींच्या गळ्यात पडल्या. खाली खुशालराव पाचव्यांदा श्वास घ्यायला आले होते, ओठ निळे पडलेले, डोळे लाल.

"आबाजी, कोणी नाही खाली," फादर म्हणाले. "चप्पल तुमची आहे. तुमच्यासाठी भेट आणली होती."

खुशालरावांनी ऐकलं. फादरांच्या तोंडाकडं पाहिलं. भेट, चप्पल, आणि आपल्यासाठी. यातलं काहीच त्यांना पटेना.

"मले बाहेर काढाले खोटं बोलून राहिले तुमी," ते म्हणाले. "म्हातारा मरीन म्हणून. थो पोट्टा खाली हाय, अन् तुमी माह्याशी गोष्टी करून राहिले."

"आबाजी, शपथ."

"फादर, शपथ खाऊ नोका. सरका."

आणि खरोखर परत जाऊ लागले. तेव्हा जमुनाबाईंनी कठड्यावरची ती चप्पल उचलली, लुगडं खोचलं आणि पायऱ्या उतरल्या. पाणी गुडघ्याला लागलं तिथं उभ्या राहिल्या.

"पाय द्या," त्या म्हणाल्या.

"जमुना, बाजूले हो."

"पाय द्या म्हणते ना. एक डाव पाहू द्या. नाई बसली त मीबी येते तुमच्यासंगं खाली."

नवऱ्यासोबत बोलताना अशी धमकी बाई क्वचितच देते. खुशालरावांनी पायरी धरली आणि पाण्यातून डावा पाय वर केला. जमुनाबाईंनी कणकेच्या हातांनी त्यावर चप्पल चढवली. खुशालरावांचा पाय रुंद, करंगळी बाहेरच्या बाजूला वळलेली. बाजारातली चप्पल त्यांना कधी नीट बसत नाही. ही बसली. करंगळीसाठी पट्टा ढिला करून आणलेला होता.

खुशालराव पायाकडं पाहत राहिले. मग वर कठड्याकडं पाहिलं. तिथं काही नव्हतं.

"रिकामी झाली का?" त्यांनी विचारलं.

"झाली," जमुनाबाई म्हणाल्या.

मग त्यांना वर चढवायला चार जण लागले. एकदा सुटलेलं अंग पुन्हा गोळा होईना. निंबाखाली निजवलं, पन्हं पाजलं, ते ओकले. बाया बाजूला झाल्या, पोरं बाजूला झाली, करिश्मा मात्र सिस्टरांच्या पदराआडून जवळ आली आणि उजवी चप्पल त्यांच्या पायाशी ठेवून उभी राहिली. मार खायची तयारी करून आली होती. खुशालरावांनी तिला डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं.

"तू हायेस ना?" ते म्हणाले.

"हो आबाजी."

"मंग ठीक हाय. जा, जेव."

रात्री त्यांना ताप भरला. झोपेत ते हातानं गादी चाचपत होते, असं जमुनाबाई सांगतात, आणि या एका गोष्टीची त्या थट्टा करत नाहीत. सोमवारी सकाळी फादर शेखर घरी आले, म्हणाले, आबाजी, आता विहीर पुरे. राहिलेले चार दिवस पोरांना नळीनं पाणी मारू. खुशालराव खाटेवरून उठले, काठीनं खालची जागा झाडली, नव्या चपला घातल्या आणि पावणेदहाला दगडावर जाऊन बसले. पहिल्यांदाच कठड्यावरच्या रांगेच्या दोन्ही टोकांना त्यांनी खडूनं रेघ मारली आणि पाळी सुरू व्हायच्या आधी रांग रिकामी आहे हे फादरांना, नितेशला आणि शेवटी कुंदनला, असं तिघांना वेगवेगळं पाहायला लावलं. बाकी नियम तोच. अकराला थाळी वाजली. पाच चपला, तीन चपला, एक. ती एक उचलायला नितेश मुद्दाम धावत आला आणि पायरीवर घसरून पडला.

शिबीर संपलं, रोडगे झाले, पोरं आपापल्या गावी गेली. बातमी मात्र गावातच राहिली, बोकडासकट. बाजाराच्या दिवशी खुशालराव पानठेल्यावर सुपारी घ्यायला आले तेव्हा चार-सहा जण बाकड्यावर होतेच. देवरावनं सुपारी कातरता कातरता हळूच काढलं, "खुशालभाऊ, आसरांचं सोडा. पण तुमी त गावातले भित्रे. अन् विहिरीत कोणी नव्हतंच. मंग कोणासाठी मारली उडी?"

बाकड्यावर हशा पिकला. खुशालरावांनी तो ओसरू दिला. मग सुपारी तोंडात टाकून म्हणाले, "कोणी नव्हतं, हे मले वर आल्यावर समजलं, देवराव. उडी मारली तवा त होतं ना."